टोपी किती वर आली?

मी एक जुनी गोबरगॅसची टाकी आहे. पणदऱ्यात, भिमाआबांच्या गोठ्यामागं, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेली. वर दिसते ती फक्त माझी लोखंडी टोपी. मित्रांनो, नाक मुरडू नका. माझ्या पोटात शेण आहे हे खरं, पण त्याच शेणावर या घरानं तीस वर्षं चहा केला आणि पाहुण्यांनी बशा चाटून परत दिल्या.

मला बांधायचं कारण होतं एक खोकला. आबांची बायको छबूबाई चुलीत उसाचं पाचट घालून भाकऱ्या करायची. धूर इतका, की घरचं मांजर एकदा शेजारच्या घरात शिरलं आणि दोन दिवस तिथंच राहिलं, आपलंच घर समजून! छबूबाई खोकू लागली की म्हशी चरायच्या थांबायच्या. शेवटी आबांनी खड्डा खणला, गवंडी बोलावला आणि माझी टोपी ट्रॅक्टरवर घालून बारामतीहून आणली.

पहिल्या दिवशी शेगडीत निळा जाळ पेटला, तेव्हा छबूबाई लांबच उभी राहिली.

"शेणाच्या जाळावर देवाचा निवद? मला न्हाय पटत."

"गवऱ्यांवर चालतो की! त्या काय चंदनाच्या असत्यात व्हय?" आबा म्हणाले.

महिन्याभरानं ती एकदा मोठ्यानं हसली आणि हसण्यामागून खोकला आला नाही. माझ्या हातून झालेलं सगळ्यात मोठं काम तेच.

माझं जेवण साधं. रोज सकाळी एक बादली शेण, एक बादली पाणी, काडीकचरा वेचून हातानं कालवलेलं. पोटात गॅस झाला की टोपी वर चढायची, शेगडी पेटली की हळूहळू खाली बसायची. छबूबाई उठल्यावर आधी टोपी बघायची, मग स्वयंपाक ठरवायची. हातभर वर असली तर पुरण, चारच बोटं असली तर पिठलं. डाळ आधी भिजत घालायची, पातेल्यावर झाकण ठेवायची, भातातलं पाणी आटत आलं की शेगडी बंद करून त्याला वाफेवर मुरू द्यायची. एकदा सगळे लग्नाला गेले, चार दिवस शेगडी पेटली नाही. टोपी एवढी वर आली की तिच्यावर बसलेल्या कोंबड्याला थेट कित्येक कोसांवरचा डाळजचा हायवे दिसला! खोटं वाटत असेल तर कोंबड्याला विचारा. तो आता नाही, त्याला मी काय करू?

मग आबा गेले. कोंबड्यागत त्यांच्यावर गोष्ट रचता येत नाही मला.

त्यांचा मुलगा अजित वाईट नव्हता. उलट फार टापटिपीचा. दूध नेणाऱ्यांनी सांगितलं, गोठा स्वच्छ ठेवा. त्यानं ते मनावर घेतलं. रोज दोनदा फिनेल ओतून गोठा धुवायचा आणि ते पांढरं पाणी नालीनं सरळ माझ्या पोटात. मित्रांनो, शेणाचा गॅस करणारे माझ्या पोटातले बारीक जीव डोळ्यांना दिसत नाहीत. ते मेले तेही कुणाला दिसलं नाही. मला ओरडता येत नाही. टोपी बसली ती बसलीच.

"टाकी म्हातारी झाली," अजित म्हणाला. घरात सिलिंडर आला. त्याला टोपी नव्हती, त्यामुळं आत किती उरलंय ते दिसेना. चहा उकळत ठेवून फोनवर गप्पा चालायच्या, डाळ उघड्या पातेल्यात शिजायची. सिलिंडर महिना गाठेना. मग ठरलं, अंघोळीचं पाणी आणि म्हशींचं आंबोण चुलीवर करायचं. पण चुलीपुढं बसणार कोण?

"मी बसती की. मला दुसरं काय काम हाय?" छबूबाई म्हणाली.

सून संजीवनी म्हणायची, "आत्या, उठा, मी बघते." ती उठायची नाही. पुन्हा पाचट, पुन्हा धूर. थंडीत तिचा खोकला मला जमिनीतून ऐकू यायचा. पोट रिकामं असलं की आवाज जास्तच घुमतो.

एक दिवस भंगारवाल्याचा टेम्पो आला. "गंजलीय, पण वजन हाय," म्हणत त्यानं टोपीला दोर बांधला. तेवढ्यात छबूबाई काठी टेकत, चार पावलांना थांबत आली. वाकली आणि शेण ओततात त्या माझ्या तोंडाशी नाक नेलं.

"आरं अजित, हितं शेणाचा वास न्हाय. दवाखान्याचा येतोय. काय पाजलंस हिला?"

अजितची नजर फिनेलच्या डब्यावर गेली. "गोठा धूत हुतो, आई."

"गोठा धू की! ते पाणी हिच्या ताटात कशापायी?"

टेम्पो रिकामा गेला. अजितनं नाली दुसरीकडं वळवली, मला उपसून स्वच्छ केलं, ताजं शेण भरलं. कऱ्हाटीच्या रामहरीच्या चालू टाकीतलं दोन पिंपं शेणपाणी आणून विरजणासारखं ओतलं. पण दूध लवकर विरजतं. मला थंडीत महिना लागतो. छबूबाईच्या छातीजवळ महिना नव्हता. अठराव्या दिवशी तिला बारामतीला दवाखान्यात न्यावं लागलं.

काल अजित तिचं लुगडं न्यायला आला होता. माझ्या कट्ट्यावर बसून संजीवनीला सांगत होता, "नाकाला नळी हाय. बोलू नगं म्हणलं तरी इचारती, टोपी किती वर आली? मी चार बोटं दाखवली."

"मग?"

"म्हणली, मग आज पिठलंच करा."

संजीवनी उठली. आत गेली आणि पिठलं केलं, पातेल्यावर झाकण ठेवून.

मित्रांनो, तुमच्या घरात सिलिंडर असेल, माझ्यासारखी टाकी असेल, नाहीतर चूल. जाळ कुठलाही असो, त्याच्यापुढं कुणीतरी बसलेलं असतं. झाकण ठेवा, डाळ भिजवा, काम झालं की जाळ बंद करा. आणि एखादी वस्तू अचानक बंद पडली, तर दोर बांधण्याआधी एकदा वाकून तिचा वास घ्या. थोडं आधी घ्या.

मी टोपी ढकलतेय. आज पाच बोटं झाली, ही काही थाप नाही. दवाखान्यात कुणी जाणार असेल, तर तिला तेवढं सांगा.