हिंगणीनं न पाहिलेलं बाळ

मार्गशीर्षातलं कोवळं ऊन मागच्या अंगणात उतरलं, की सिंधूबाई ओंजळभर कापूस मांडीवर घेऊन वातींसाठी सरकी काढत बसायच्या. बोटं इतकी हळुवार, इतकी निःशब्द चालायची, की बघणाऱ्याचाही श्वास मंदावे. मग मध्येच ती थांबत. ऊन सरकत सरकत भिंतीवर चढे, चुलीवरच्या वरणाला करपल्याचा वास येई, आणि सिंधूबाई तशाच, उघड्या डोळ्यांनी, कुठेही न बघता बसलेल्या. मी आपली जाऊन वरण उतरवायची.

त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. सत्तरचं दशक सरता सरता मी लग्न होऊन वर्ध्याहून हिंगणीला आले, तेव्हा हे थांबणं घराच्या अंगवळणी पडलं होतं. पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणे त्या माहेरी गेल्या, मुलगा झाला, आणि बारशाच्या आधीच गेला. इतक्या तान्ह्या जिवाची तेरवी होत नाही, त्याच्यासाठी कुणी भेटायला येऊन बसत नाही. त्या रिकाम्या हातांनी परतल्या, तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, साऱ्यांना बजावलं, "तिच्यापुढं लेकराचा इषय काढू नका. इसरू द्या तिले." पाळणा माळ्यावर गेला, झबली कुणाकुणाला वाटली गेली, आणि पुढे त्यांची कूस पुन्हा उजवली नाही. सगळ्यांनी हे मौन मायेपोटी पाळलं, हेच तर आज जिवाला लागतं.

एरवी बाई मोठी खट्याळ! चैत्र-वैशाखात त्यांच्या हसण्यानं ओसरी भरून जायची. माझ्या पहिल्या पोळीकडे बघून म्हणाल्या होत्या, "वर्ध्याच्या बाई, हे पोळी हाये का नकाशा व?" पण दिवाळी सरली, कापसानं शेतं पांढरी झाली, की तो आवाज दिवसागणिक खाली जाई. मग केळझरच्या गणपतीला नवस होई, दंडाला ताईत बांधला जाई, वर्ध्याचे डॉक्टर शक्तीचं औषध देत. शेजारणी पदराआडून म्हणत, "खाऊनपिऊन सुखी हाये. सुख दुखून राह्यलं तिले." मला अस्सा संताप यायचा! पण संताप येणं निराळं आणि दुःख उमजणं निराळं. नैराश्य हा शब्द पुस्तकात होता, घरात नव्हता. घरात होते ते आळस आणि घुमेपणा, दोन्ही बिचारीच्या माथी मारलेले.

एका हिवाळ्यात भाजी निवडता निवडता त्या सहज बोलून गेल्या, "सकाळी डोये उघडूच नये वाटते व." सहज म्हणजे अगदी मीठ मागावं तितक्या सहज. त्यानंतर विहिरीवर मी त्यांना एकटं जाऊ दिलं नाही. बाई जगते की नाही, हीच धास्ती मी कितीतरी वर्षं मनात वागवली आणि कुणाला सांगितली नाही.

माझं दुसरं बाळंतपण हिंगणीतच झालं. बारशाला बायकांचा नुसता गलका उठला. कपाळ आजोबाचं, नाक बापाचं, रंग तेवढा मामाचा. त्या कौतुकाच्या ऐन भरात सिंधूबाई उठल्या आणि मागच्या अंगणात निघून गेल्या. मी लेकराला खांद्याशी धरून त्यांच्या मागे निघाले, तर माझ्याही पुढे आत्याबाई, वाकलेल्या कंबरेवर हात टेकत चाललेल्या. त्या सुनेपाशी खाली मातीतच बसल्या. मग म्हणाल्या,

"सिंधू, कोनासारखा दिसे व तुह्या पोरगा?"

मी दारातच थिजले. सिंधूबाईंनी मान वळवली. कुणी तहानलेल्याला पाणी विचारावं आणि त्याला ते खरंच वाटू नये, तसं त्या बघत राहिल्या.

"तुमच्यासारखा, आत्याबाई. हनुवटी तर तुमचीच."

म्हातारीचा हात आपसूक स्वतःच्या हनुवटीकडे गेला. "मी येनारच होती व त्याले पाहाले," ती हुंदक्यात बोलू लागली. "कापसाची वेचनी सुरू होती. म्हटलं, बारशालेच जाऊ."

त्या दुपारी सासू-सुना रडल्या, आणि सिंधूबाई बोलत राहिल्या: त्याचं जावळ, त्याची घट्ट मूठ, जांभई देताना वाकडं होणारं तोंड. त्यानं सारं दुखणं पळालं असं मी म्हणणार नाही. पुढचे हिवाळेही जडच गेले. पण आता त्या सांगू लागल्या, "आज जड वाटून राह्यलं," आणि कुणीतरी कामं टाकून जवळ जाऊन बसू लागलं. विहिरीवरही त्या एकट्या जाऊ लागल्या.

आज दोघीही नाहीत. काळ दुःख विसरायला लावतो असं म्हणतात. मला ते खरं वाटत नाही. काळ नुसता जातो, आणि न विचारलेलं जिथल्या तिथे राहतं. इतक्या वर्षांत त्या घरात त्या बाळाला रोज पाहणारी एकच बाई होती, आणि आम्ही सगळे तिला म्हणत होतो, विसर.