एकसष्टावी नाळ

अल्माटीच्या आमच्या संस्थेत प्रसूतिगृहातून नाळा येतात. नाळेतल्या रक्तवाहिनीचं अस्तर सोडवायचं, त्याच्या पेशी वाढवायच्या, निम्म्यांना जंतूंचं विष देऊन सूज आणायची, निम्म्यांना सुखात ठेवायचं. मग बघायचं, रक्ताची गुठळी कोण विरघळवतं. मार्चमध्ये माझ्या वडिलांना न्यूमोनिया झाला आणि नवव्या दिवशी फुप्फुसात गुठळी. तेव्हापासून मला फारसं काही वाटत नाही. मोजमापं मात्र अचूक येतात.

एकसष्टाव्या नाळेची आजी स्वतःच आली. बागिला आपा. हातात घोड्याच्या मांसाचं पुडकं.

"चारही पोरांच्या नाळा तबेल्यात पुरल्या. चौघंही घोडेच राखतात. नातू तरी शिकू दे म्हटलं. सुईण म्हणाली, नाळ संस्थेत जाते. कुठं पुरलीस?"

"पुरली नाही, आपा. चोवीस खळग्यांच्या ताटलीत आहे."

"चोवीस वेळा प्रोफेसर?"

"बाराच. बाकीच्या बारांना सूज आणलीय."

"मेल्या, माझ्या नातवाला?"

मी निकाल दाखवला. सुखी पेशींच्या रसाचा थेंब पडला तिथं गुठळीला स्वच्छ भोक. सुजलेल्यांच्या थेंबाखाली गुठळी जशीच्या तशी.

"आजारपणातच कामचुकारपणा!"

"कामचुकार नाहीत. विरघळवणाऱ्याला अडवणारं द्रव्य सोडत बसतात."

"म्हणजे सरकारी. आता याचं काय करणार?"

"कचरा."

ती स्टुलावर बसली. "कचऱ्यात गेली तर पोरगं काय होईल रे?"

"पुरू या, आपा," मी ताटली उचलत म्हणालो.

जंतू मारल्याशिवाय इथून काही बाहेर नेता येत नाही. म्हणून सुखी पेशी बाटलीत ओतल्या.

"सुजलेल्याही घे," आपा म्हणाली. "कधीतरी आजारी पडणारच की तो."

नातवाचं भविष्य १२१ अंशांवर वीस मिनिटं शिजवलं.

"मांसाला दोन तास लागतात," ती घड्याळ बघत म्हणाली.

ग्रंथालयाच्या भिंतीखाली मी चमच्यानं खड्डा केला.

"नाळेची टोकं कुणी कापली होती?"

"मी."

"मग तू त्याची नाळमाय. जिनं नाळ कापली तिनंच आशीर्वाद द्यायचा. दे."

"आपा, मी पुरुष आहे."

"ते त्याला मोठा झाल्यावर सांगू."

मला आशीर्वाद येत नाहीत. घरात ते काम वडिलांचं होतं.

"ताप आला तरी," मी म्हणालो, "त्याच्या गुठळ्या वेळेवर विरघळोत."

"आमीन" म्हणत आपानं दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. मीही फिरवले. हाताला माती होती.