चिलापीची पंगत

वडशापासून दोन कोसांवरच्या आमच्या गावचा तलाव मरळ मासोळीसाठी नावाजलेला होता. एका ठेकेदारानं कुठूनशी चिलापीची पिल्लं आणून सोडली आणि ब्याऐंशी सालापर्यंत नथ्थू ढिवराच्या जाळ्यात दुसरं काही येईना. वीतभर, काटेरी, चिखलाचा वास मारणारी मासोळी. बाजारात तिला कुणी हात लावत नव्हतं. नथ्थू ती काठावरच फेकून द्यायचा.

मग तालुक्याहून मत्स्यखात्याचे एक साहेब आले. शाळेच्या पडवीत सभा झाली.

"ही बाहेरची मासळी मरळीची अंडी खाते," साहेब म्हणाले. "तलावात विष टाकता येत नाही. खाऊनच संपवावी लागेल."

सरपंच श्रीहरीजी हसले. "बौद्ध मोहल्ल्याले देऊन टाका ना सायेब. त्याईले सबन चालते."

वामनराव मागं बसले होते. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी घरोघरी फिरून मोहल्ल्याला मेलेल्या ढोराचं मांस सोडायला लावलं होतं. त्यापायी सख्ख्या भावाशी बोलणं तुटलं होतं. ते उठले. "गावानं टाकलेलं खानं आमी कवाच सोडलं, सायेब," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

त्यांची सून सत्यशीला मात्र बसून राहिली. ती अंगणवाडी चालवायची. पोरांच्या बरगड्या तिला रोज दिसत.

घरी आल्यावर ती म्हणाली, "मामाजी, ताजी मासोळी हाये. मेलेलं ढोर नोहे."

"गोष्ट मासोळीची नोहे."

"पोट्टे उपाशी हायेत, त्याचं का?"

वामनराव त्या दिवसापासून तिच्याशी बोलेनासे झाले.

आठ दिवसांनी साहेबांनी सगळ्या गावासाठी शाळेत पंगत ठेवली. सत्यशीलानं भाजलेले जवस वाटून, चिंच घालून रस्सा केला. वासानं सगळ्या गावची पोरं खिडकीला लोंबकळली. पंगतीला बसली ती मोहल्ल्यातलीच. बाकीच्यांना त्यांच्या आया दंडाला धरून घेऊन गेल्या. मासोळीमुळे की रांधणाऱ्या हातामुळे, हे कुणी बोललं नाही आणि सत्यशीलानं विचारलंही नाही. तिनं साहेबांपुढं ताट केलं.

"आज माझा उपास आहे, बाई," साहेब म्हणाले, आणि सरपंचांच्या घरी चहा-चिवडा घ्यायला गेले.

हिवाळाभर मोहल्ल्यानं चिलापी खाल्ली. नथ्थू टोपलं भरून द्यायचा. पोरांच्या अंगावर मांस चढलं. जाळ्यात अधूनमधून मरळीचं पिल्लूही येऊ लागलं.

शफी नावाचा वडशाचा मासोळीवाला एकदा सत्यशीलाच्या हातचा रस्सा चाखून गेला. त्यानं चिलापी माजरीच्या कोळसा खाणीकडे नेऊन पाहिली. कामगारांना आवडली. मग आसपासच्या बाजारांतूनही मागणी आली. उन्हाळ्यात सरपंचांच्या पुतण्यानं तलावाचा ठेका घेतला आणि चिलापीचं नवं बी सोडलं, आधीपेक्षा दुप्पट. मरळ पुन्हा दिसेनाशी झाली.

सत्यशीला बायांना घेऊन तलावावर गेली, तेव्हा काठावर राखणदार होता. नथ्थूनं मान खाली घातली. "बाई, मले काई म्हनू नोका. आता मासोळी मालकाची हाये."

हे कळलं तसे वामनराव काठी घेऊन सरपंचांच्या अंगणात गेले. सत्यशीला मागोमाग गेली.

"आमच्या पोट्ट्याईच्या तोंडचा घास काऊन काढून राह्यले?"

"तलाव गावाचा हाये, भाऊ," श्रीहरीजी म्हणाले.

"मंग आमी कोन्या गावाचे?"

श्रीहरीजींनी आत जाऊन दार लावून घेतलं.

परतताना दोघं तलावाच्या पाळीवरून आले. त्या पंगतीवरून सासरे आता सुनावतील म्हणून सत्यशीला वाट पाहत होती. तिनं उत्तरही ठरवून ठेवलं होतं. पण घराजवळ आल्यावर कित्येक महिन्यांनी वामनरावांनी तिला पहिल्यांदा विचारलं,

"पोट्टे जेवले का?"

"भात हाये," ती म्हणाली. "मीठ हाये."