बोलण्याखालचा आवाज

घरात तिला मैना म्हणत. बोलायला उशिरा लागली, पण लागली ती थेट थोरल्या बहिणीच्याच आवाजात. "लेकी दोन, गळा एकच," असं बाबा पाहुण्यांना कौतुकाने सांगत.

कॉलेजात मानसशास्त्राच्या मॅडम ऑटिझम असलेल्या मुलामुलींच्या मुलाखती घेत होत्या. तुम्ही स्वतःला कसे दिसता, तुम्हाला काय चांगलं जमतं, एवढेच प्रश्न. मैनेला फार विचार करावा लागला नाही.

"मला माणसांशी छान बोलता येतं," ती म्हणाली. "मी ऑटिस्टिक आहे हे कुणाला कळतही नाही."

काही दिवसांनी मॅडमनी तिला रेकॉर्डिंग ऐकायला बोलावलं. काही गाळायचं असेल तर सांग, म्हणाल्या. खोलीला खिडकी नव्हती, भिंतींना जाड फोम होता. आपलाच श्वास कानाशी येऊन बसायचा.

तिने हेडफोन लावले. पहिलं हसू ताईचं निघालं. पुढचं "तसं काही नाही हो" हॉस्टेलच्या रेक्टरबाईंचं. "कळतही नाही" म्हणतानाचा अडखळा शाळेतल्या एका मैत्रिणीचा, जी कधीच गाव सोडून गेली होती. एकेक वाक्य ती ओळखत गेली. सगळ्याजणी हजर होत्या.

"मॅडम, यात मी कधी बोलते?"

"अगं, तूच तर बोलतेयस."

मग दोन वाक्यांच्या मधल्या शांततेत तिला एक बारीक, एकसुरी गुणगुण ऐकू आली.

"हा पंख्याचा आवाज का?"

"इथे पंखा नाहीये. मला वाटलं, मशीनमध्येच बिघाड आहे."

मैनेने हेडफोन काढले. गुणगुण थांबली नाही. मॅडम तिच्या गळ्याकडे टक लावून बघत होत्या. तिने गळ्याला हात लावला. बोटांखाली कातडी थरथरत होती.

संध्याकाळी तिने आईला फोन केला. त्या गुणगुणीबद्दल विचारलं.

"लहानपणी दिवसभर करायचीस तू तो आवाज," आई म्हणाली. "स्पीच थेरपीच्या बाई म्हणाल्या, ती सवय मोडा, नाहीतर पोर बोलणार नाही. मग ताईला तुझ्यापुढे बसवायचो. तू गप्प होईपर्यंत ती बोलत राहायची."

"मग तो गेला?"

"झोपेत यायचा. आम्ही तुला सांगितलं नाही."

मैनेने मॅडमना पुन्हा मुलाखत घ्यायला लावली. तोच प्रश्न आला, तुला काय चांगलं जमतं. या वेळी तिने कुणाचाही आवाज शोधला नाही. आधी गुणगुण आली. मग शब्द आले, संथ आणि सपाट.

"माणसांशी बोलणं मला जमत नाही. ऐकणं जमतं. प्रश्न विचारताना तुमचा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी होतो. म्हाताऱ्या बाईचा. तिला एका बाजूला दात नाहीत."

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. "आत्या," त्या म्हणाल्या. "तिनेच मला वाढवलं." मग त्यांनी रेकॉर्डिंग बंद केलं.

सुट्टीत घरी जेवताना मैना त्याच संथ, सपाट आवाजात बोलली. बाबांचा घास हातातच राहिला. आई खाली बघत होती. ताई तिच्याकडे बघत राहिली, परक्या माणसाकडे बघावं तशी.

"तू बोलायची थांबायचीस ना," ताई हळूच म्हणाली, "तरी मला घरात माझा आवाज ऐकू यायचा. आज पहिल्यांदा तो येत नाहीये."

मैनेने मान डोलावली आणि भाताचा पुढचा घास घेतला.