उतरवलेली तार

वर्षभरात माझ्या थोरल्या भावाचा, राधेश्यामदादाचा, आवाज बराच खाली आला होता. तोरा मात्र जिथल्या तिथे होता. आमच्या ऑर्केस्ट्रात तो गायचा, मी बास गिटार वाजवायचो, आणि एखादी ओळ त्याला पेलली नाही की तालीम थांबवून तो सगळ्यांदेखत माझ्याकडे वळून बघायचा, जणू त्याचा गळा मीच आवळून धरला होता. त्या दिवशी मस्तगडच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, त्याने सगळी गाणी पांढरी दोनमध्ये, म्हणजे नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत घ्यायला सांगितली, आणि कीबोर्ड वाजवणाऱ्या अप्पारावकडे बोट दाखवून मला म्हणाला, "कल्याण, तुझं काम ह्यो डाव्या हातानं करून राह्यला. अंबडचा कार्यक्रम झाला की तू बंद कर."

अर्धं आयुष्य मी त्याच्या मागे उभा राहून वाजवलं होतं. अप्पारावाने मान खाली घातली, आत आईच्या भाकरीची थापथाप थांबली, आणि मी गिटारची वायर गुंडाळत राहिलो, कारण तोंड उघडलं असतं तर हातही उचलला गेला असता.

सगळे गेल्यावर गिटार मांडीवर घेतली. बासच्या चार तारांतली सगळ्यात जाड तार पांढरी तीनला लावलेली असते, तिच्याखाली बास जात नाही. मी तिची खुंटी सैल करत तार पांढरी दोनपर्यंत उतरवली, म्हटलं अंबडला असा खर्ज द्यावा की अप्पारावच्या डाव्या हाताला घाम फुटावा. तार आधी दांडीवरच्या पडद्यांवर नुसतीच फडफडली. मग हलक्या हाताने छेडल्यावर असा सूर निघाला की फळीवरची भांडी वाजली. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आई दारात येऊन उभी होती. तिने आधी तारेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोनासाठी उतरवली?" तिने विचारलं.

"दादासाठी," मी खेकसलो. "दुसऱ्या कोनासाठी?"

शब्द तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. आमचे वडील भजनात एकतारी वाजवायचे, आणि भावकीत कुणी वारलं की घरातलं पहिलं काम म्हणजे एकतारीची तार उतरवायची. तेराव्याला ती पुन्हा चढवायची. तोवर घरात फोडणी पडायची नाही. आईच्या लेखी तार उतरवायला दुसरं कारणच नव्हतं. मी तिला गाणं समजावलं, पट्टी समजावली. ती ऐकत होती, मान हलवत होती, पण तिची बोटं पदराचं टोक चुरगळत होती.

संध्याकाळी वरणाला फोडणी नव्हती. ताटं दोनच वाढली होती. दादा हसला, "मला उपास हाय काय?" म्हणाला आणि स्वतःच्या हाताने वाढून घेतलं. आईने त्याच्याकडे पाहिलं नाही. मी ओरडलो, "आई, हे काय लावलं? समोर बसून जेवून राह्यला ना तो?"

"हळू बोल," ती म्हणाली. "शेजारी ऐकतील."

शेजाऱ्यांनी ऐकलंच होतं म्हणायचं. दुसऱ्या दिवशी शेजारची बेबीनंदा झाकून पिठलं-भाकरी घेऊन आली, मयताच्या घरी कडू घास म्हणून आणतात तशी. आतल्या खोलीत दादाचा रियाज चालला होता. ती तो ऐकत उंबऱ्यावर थांबली आणि डोळे पुसत म्हणाली, "लई गोड गायचे. अजून कानात आवाज हाय बघा." मला तिचा इतका संताप आला की दार तोंडावर आपटावं वाटलं. पण ते पिठलं मी खाल्लं, आणि सगळं खाल्लं.

मग प्रेमलावहिनी आली. ती कुंभार पिंपळगावला माहेरी गेल्ती, चांगली आठवडाभर राहणार होती; कुणी फोन केला नव्हता, तरी दुपारच्या एसटीने परत आली आणि आईजवळ जाऊन बसली. दादाची नजर तिच्या मनगटांकडे गेली.

"बांगड्या कुठं गेल्या?"

"फुटल्या. बसमधी लई गर्दी होती."

तेव्हा पहिल्यांदा दादा माझ्या खोलीत आला. कोपऱ्यातल्या गिटारच्या त्या एका ढिल्या तारेकडे तो बराच वेळ बघत राहिला. रीत त्यालाही ठाऊक होती.

"कल्याण, तार वर घे."

"पट्टी तूच सांगितली."

"पट्टी सोड. वर घे."

"मंग मी ऑर्केस्ट्रात राहू?"

एक शब्द बोलला असता तर मी त्याच्यासमोर खुंटी पिळली असती. पण तो वळून खोलीबाहेर गेला. मरणाच्या भीतीनेसुद्धा ज्याचा हेका सुटत नाही, त्याच्यासाठी मी कामून वाकू? मी तार तशीच ठेवली.

अंबडला एका निवृत्त होणाऱ्या माणसाचा सत्कार होता. भरदुपार, मंगल कार्यालय भरलेलं, माणसं हसत-बोलत होती. दादाने पहिलं गाणं सुरू केलं, मी ती तार छेडली, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत सभागृहातली कुजबुज थांबली. दादाच्या कपाळावर घाम दिसला. गाणं तसंच सोडून तो माझ्याजवळ आला, माईक बाजूला धरला आणि कानाशी म्हणाला, "तू राहा. कायमचा राहा. पन चढव रे तार, पाया पडतो तुझ्या."

माझा हात खुंटीवर गेला होता. दोन पीळ दिले असते की झालं असतं. पण अपमान सगळ्यांदेखत आणि माफी कानात, हा कुठला न्याय? माझं डोकं फिरलं.

"माईकमधी म्हण," मी म्हणालो.

त्याने ऐकलं. माईक तोंडाशी नेला, लोकांकडे वळला आणि बोलू लागला. माझं नाव घेताना त्याचे ओठ मला स्वच्छ दिसले. स्पीकरमधून मात्र, मी छेडत नसतानाही, माझ्या तारेचा सूर तेवढा येत राहिला, आणि माफी ऐकूच आली नाही म्हणून मी खुंटीवरचा हात काढून घेतला.

पुढच्या रांगेतला एक म्हातारा टोपी काढून उठला. मग त्याच्यामागची रांग, मग सगळं कार्यालय, खुर्च्यांचा आवाज न करता, माना खाली घालून उभं राहिलं. दादाने बोलणं थांबवलं. त्याने एकदा त्या सगळ्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि मग त्यानेही हात जोडून मान खाली घातली.