खालची खोली

वकिलांनी खुर्ची मागे ओढली आणि ती फरशीवर करकरली.

"ओढू नका," समोरचा अशील म्हणाला. "उचला."

वकिलांनी निमूटपणे खुर्ची उचलली. तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत टेबल एकच होतं, आणि ते दोघांच्या मध्ये आहे याचं त्यांना आज फार बरं वाटत होतं. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचा जबडा फोडल्याचा आरोप होता अशिलावर. शेजाऱ्याचा गुन्हा काय, तर तो रोज खुर्च्या ओढायचा.

"जामीन मिळेल ना, साहेब?"

"प्रयत्न करू."

"प्रयत्न नको." आवाज जराही चढला नव्हता. अशिलाने टेबलावरचा वकिलांचा हात धरला आणि नको तितका वेळ दाबून ठेवला. "मी एकदाच सांगतो. त्यालाही एकदाच सांगितलं होतं."

पुढे दोन दिवस सही करताना वकिलांची बोटं दुखत होती. वकीलपत्र सोडावं, असं दहादा मनात आलं. पण हे त्याला सांगणार कोण? वकील घाबरले होते, चांगलेच घाबरले होते.

कोर्टात मात्र त्यांची जीभ सवयीने सुरू झाली. वीस वर्षं जामिनाच्या प्रत्येक युक्तिवादाच्या शेवटी ते एकच वाक्य टाकत आले होते. आजही ते आपसूक तोंडून निघालं.

"असा शेजारी मला मिळाला, तर मी निर्धास्त झोपेन."

न्यायाधीश किंचित हसले. जामीन मंजूर झाला. अट एकच, राहत्या इमारतीत पाऊल टाकायचं नाही. अशिलाने दुरूनच वकिलांना हात जोडले.

चार दिवसांनी वकील घरी आले, तेव्हा आई खुशीत होती.

"आपली खालची खोली भाड्याने गेली बाबा एकदाची! इतका शांत माणूस. म्हणाला, साहेबांनीच कोर्टात सांगितलंय, मी शेजारी म्हणून चालेन."

वकिलांनी आवाज खाली आणला.

"आई, अगं त्याने एकाचा जबडा फोडलाय."

"ते सांगितलं त्याने. पण त्याने फोडला नाही, असं तूच म्हणालास ना कोर्टात?"

आईने दोघांची ताटं वाढून टेबलावर ठेवली.

"बस आता."

त्यांनी दोन्ही हातांनी आपली खुर्ची उचलली, मागे नेली आणि अलगद टेकवली. तेवढ्यात आईने स्वतःची खुर्ची ओढायला हात घातला.

"थांब," वकील कुजबुजले. "मी उचलतो."