उलट्या शिवणीचा झगा

वलगावची मैना पाढ्यांत वर्गात पहिली होती, आणि सोमवारी तिचं नाव शाळेतून कापलं जाणार होतं. अमरावतीच्या तिच्या शाळेत जून १९५९पासून गणवेश सक्तीचा झाला: निळा झगा, पांढरी कॉलर. मैना तो घटकाभरात अंगावरून ओढून काढायची. शनिवारी मुख्याध्यापिका गोदावरीबाईंनी बजावलं, "सोमवारी गणवेश नसेल, तर दाखला घेऊन जा."

तिची आई सुभद्रा तिला घेऊन तडक खुशालराव शिंप्याकडे गेली.

"पुन्हा सैल करू?" खुशालरावांनी विचारलं.

"दोनदा केला तुमी. आता पोतं व्हायचंच राह्यलं."

खुशालरावांनी झगा उलटा केला. "कुठं टोचते, माय?"

मैनानं बोट ठेवलं. मानेमागे, काखेत, कमरेवर. तिन्ही जागी शिवण होती. "अन् सारा कागदावानी वाजते," ती म्हणाली.

खुशालरावांचा हात थांबला. "वैनी, हा धुतला कवा?"

"कोरा कपडा धुऊन घालतात काय? कुंकू लावून घातला. अंगावर टिकतच नाही, तर धुऊ कवा?"

"मंग गिरणीची खळ तशीच हाये की यात. टाका पाण्यात."

"पुरता एक दिस न घालता? अपशकुन होते. नाही जमणार."

खुशालरावांनी फळीवरचं निळं कापड खाली ओढलं. "हे धुतलं तर चालते? शिवलं नाही तोवर हा कपडा नाही."

सुभद्रानं कापड बोटांत चोळून पाहिलं. "त्याले कोण कुंकू लावते," ती म्हणाली आणि कापड काखेत मारलं.

तिनं ते तीनदा ऊन पाण्यात बुडवून दगडावर आपटलं. रविवारी दुपारी ते वाळलं. मैना मशीनपाशी उभीच होती. खुशालरावांनी सगळ्या शिवणी बाहेरच्या अंगाला घेतल्या, वर निळी पट्टी बसवली, पांढरी कॉलर लावली. सुभद्रानं कुंकू लावलं. मैनानं झगा घातला, दोनदा उडी मारली, वाकली, कान लावून ऐकलं.

"वाजत नाही," ती म्हणाली. आणि सांज झाली तरी तिनं तो काढला नाही.

सोमवारी गोदावरीबाईंनी तिला दारातच थांबवलं. "झगा उलटा घातलायस."

"नाही बाई. शिवणी बाहेर घेतल्या."

गोदावरीबाईंनी भिंतीवरचा नियम वाचला. निळा झगा, पांढरी कॉलर. शिवणी आत की बाहेर, ते लिहिलं नव्हतं. मग पट्टीवरून, मानेच्या आतून बोट फिरवलं. त्यांच्या टेबलावर आणखी दोन मुलींचे दाखले लिहून पडले होते. त्याही झगा काढून फेकायच्या.

"जा, वर्गात बैस," त्या म्हणाल्या. "आणि तो शिंपी कुठं बसतो, ते सांग."